लिंबाच्या काट्यावर सरडा कुणी टांगला?

वाचक ताईंचं पत्र थोडक्यात असं: "आमच्या परसातल्या लिंबाच्या काट्यांवर आठवडाभर काहीबाही अडकवलेलं सापडतंय. आधी नाकतोडा, मग रातकिडा आणि शनिवारी चक्क सरड्याचं पिल्लू, मानेतून काटा आरपार गेलेला. शेजारच्या मुलांचा उद्योग समजून रागवायला निघाले होते. तेवढ्यात बुलबुलापेक्षा थोडा मोठा, लांब शेपटीचा, राखाडी-तांबूस पक्षी चोचीत किडा घेऊन आला. त्याच्या डोळ्यांवर चोरासारखी काळी पट्टी होती. किडा त्याने काट्यावर ओढून बसवला आणि न खाताच उडून गेला. हा मजेसाठी मारतो का? आमच्या पाण्याच्या भांड्यावर चिमण्या, मुनिया, शिंपी येतात. गॅलरीत लव्हबर्ड्सचा पिंजराही आहे. काटे छाटून टाकू का? लटकलेलं काढू का? पक्ष्याला हाकलू का? कुंपणाच्या भिंतीवर एक काळपट, सुकलेली गोळी सापडली, ती याचीच का? आठ वर्षांचा मुलगा हे सगळं डोळे विस्फारून बघतोय, त्याला काय सांगू?"

ताई,

मुलांना न रागवता परत फिरलात ते बरं झालं. तुमच्या लिंबावर खाटीक पक्षी काम करतोय आणि तुम्ही लिहिलेल्या खुणांवरून तो नकल्या खाटीक असावा. सविस्तर पुढे लिहिलंच आहे, पण आधी रोखठोक उत्तर घ्या. काटे छाटू नका, लटकलेलं काढू नका, त्याला हाकलू नका. पिंजरा मात्र आजच्या आज गॅलरीतून आत घ्या. यात दिरंगाई नको.

ओळख पक्की करण्यासाठी दहा-पंधरा मीटरवरून, शक्य झाल्यास दुर्बिणीतून, चार गोष्टी बघा. नकल्या खाटीक चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण २५ सेंटीमीटर भरतो आणि त्यातली निम्मी लांबी नुसती शेपटीची असते. डोकं आणि पाठीचा वरचा भाग राखाडी, खाली कमरेकडे तांबूस होत जाणारा. गळा पांढरा. बसलेला असताना काळसर पंखावर छोटासा पांढरा ठिपका दिसतो, उडाला की तो जास्त ठळक होतो. कंबर तांबूसऐवजी पांढरी, पाठ गडद तांबडी-पिंगट आणि पक्षी जेमतेम १८ सेंटीमीटरचा असेल, तर तो याच कुळातला लहान चणीचा भाऊबंद. सगळी पाठ सरसकट तपकिरी, भुवई पांढरी आणि पंखावर ठिपका नाही, तर तपकिरी खाटीक; तो स्थलांतर करणारा आहे, ऋतू पालटला की जाईल. सल्ला तिघांसाठीही सारखाच आहे.

तो 'नकल्या' का, हेही कान देऊन ऐका. एरवी त्याचा आवाज कर्कश असतो, कुणीतरी खरखरीत ओरडल्यासारखा. पण निवांत असला की तो हळू आवाजात गातो आणि त्यात टिटवी, कोकीळ कुळातले पक्षी, खार, एवढंच काय कुत्र्याच्या पिल्लाचं केकाटणंही उतरवतो. झाडीत टिटवी कुठून आली असा प्रश्न पडला, तर आधी खाटीक शोधा.

आता काट्याची गोष्ट. हा पक्षी समजून घ्यायचा तर त्याच्या पायांकडे बघायला हवं. शिक्रा, ससाणा, घार यांच्या पंजात बळ असतं. भक्ष्य पंजाखाली दाबायचं आणि चोचीने फाडायचं ही त्यांची रीत. खाटीक शिकारी असला तरी शिकारी पक्ष्यांच्या कुळातला नाही. तो गाणाऱ्या पक्ष्यांमधला आहे, नात्याने कावळ्याच्या जवळचा. त्याचे पाय फांदी धरण्यापुरते. धडपडणारा सरडा त्या पायांखाली दाबून फाडता येत नाही. चोच मात्र थेट ससाण्याच्या वळणाची आहे. टोकाला खाली वळलेला आकडा आणि त्याच्या मागे, वरच्या चोचीच्या कडेला, दातासारखा टोकदार उंचवटा. म्हणजे चोच ससाण्याची आणि पाय गवयाचे. ही उणीव तो काट्याने भरून काढतो. आपण भाकरीचा तुकडा मोडताना एका हाताने भाकरी धरतो आणि दुसऱ्याने मोडतो, तसं त्याच्यासाठी धरणारा हात म्हणजे काटा. सरड्याच्या मानेतून आरपार गेलेल्या काट्याकडे या नजरेने बघा. तुमच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ तिथेच आहे.

शिकार तो बसून करतो, पाठलाग करून क्वचित. उघडी फांदी, तार, खांबाचं टोक, जिथून खालची मोकळी जमीन स्वच्छ दिसते, अशी जागा निवडून तिथे दबा धरतो. मान तिरकी करून बघतो. गवतात काही हललं की पंख पसरून तिरकस खाली तरंगत येतो, चोचीत पकडतो आणि बहुधा त्याच बैठकीवर परततो. तुम्हाला त्याची ठरलेली बैठक एकदा कळली की घड्याळ लावून तो तिथे सापडेल. डोळ्यांवरची काळी पट्टीही शोभेची नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात याच कुळातल्या एका जातीच्या पक्ष्यांची पट्टी पांढऱ्या रंगाने झाकली. त्यानंतर ते सूर्याकडे तोंड करून शिकार करायचं टाळू लागले आणि त्यांची शिकारही कमी साधू लागली. डोळ्यांवर येणारी तिरीप ती काळी पट्टी शोषून घेते.

नाकतोड्यासारखा किडा असेल तर चोचीचा एक दाब पुरतो. मधमाशी किंवा गांधीलमाशी असेल तर याच्या काही जाती ती फांदीवर घासून आधी नांगी काढून टाकतात. सरडा, उंदीर किंवा छोटा पक्षी असेल तर काम वेगळं. तो मानेच्या मागच्या बाजूला, कवटीच्या बुडाशी चावा घेतो. चोचीचा तो दात मणक्यांच्या मध्ये घुसतो आणि मज्जारज्जूला इजा होऊन भक्ष्य लुळं पडतं. एवढ्यावर भागलं नाही तर मान धरून झटके देतो. अमेरिकेतल्या लॉगरहेड नावाच्या जातीवर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे झटके वेगवान कॅमेऱ्याने टिपले. पक्ष्याचं डोकं सेकंदाला सुमारे ११ वेळा फिरत होतं आणि भक्ष्याच्या शरीराला बसणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सहा पट होता. हळू चालणाऱ्या गाडीला मागून धडक बसली की आतल्या माणसाची मान जशी हिसडते, तशातला हा प्रकार. म्हणून स्वतःच्या वजनाच्या आसपास असलेलं भक्ष्यही तो लोळवू शकतो. नुसती चोच जिथे अपुरी पडते, तिथे भक्ष्याचं स्वतःचं वजनच त्याची मान मोडायला वापरलं जातं.

मग टांगणं. तुम्ही ते बघितलंय, पण घाईत एक गोष्ट निसटली असेल. तो भक्ष्य काट्यावर वरून दाबत नाही. काट्याच्या पलीकडे उभा राहतो, भक्ष्य चोचीत धरून काट्यावरून स्वतःकडे ओढतो. पहिल्या ओढीत काटा कातडीवरून घसरतो, तो पुन्हा पकड बदलतो, थोडं आडवं ओढतो. काटा एकदा कातडीत रुतला की आणखी एक हिसका आणि बसलं. मग दोनदा ओढून बघतो की पक्कं आहे का. लिंबाचा काटा या कामाला फार चांगला, कारण तो ताठ असतो, फांदीशी जवळजवळ काटकोनात निघतो आणि वाकत नाही. कोवळा, हिरवा काटा लवतो आणि भक्ष्य खाली पडतं. खाली पडलं की मुंग्यांचं. झाडाखाली मुंग्या लागलेला एखादा सरडा दिसला तर तो असा फसलेला प्रयत्न समजा. काटा नसेल तिथे तो दोन फांद्यांच्या बेचक्यात भक्ष्य घट्ट अडकवतो. काटेरी तारही चालते.

ही कला अर्धी उपजत, अर्धी शिकून येणारी आहे. कोवळी पिल्लं वाळकं पान किंवा काडी चोचीत धरून फांदीवर उगाच घासत, ओढत बसतात. जमलं नाही की पान टाकतात, दुसरं उचलतात. पुढे कधीतरी ते पान खऱ्या काट्यात अडकतं आणि मग हाताला वळण लागतं. तुमच्या लिंबावर पुढे कधी काट्याला टोचलेलं नुसतं पान दिसलं तर मुलाला जरूर दाखवा.

'मजेसाठी मारतो का' या प्रश्नाने तुमच्यासारखे पुष्कळ लोक अस्वस्थ होतात. जर्मन भाषेत याच्या एका जातीचं नाव 'नऊ मारणारा' असं आहे, कारण हा नऊ जीव मारल्याशिवाय एकही खात नाही अशी समजूत होती. लॅटिनमधलं त्याचं नाव 'लॅनियस' म्हणजे खाटीकच, आणि मराठीनेही तेच नाव दिलं. पण तो टाकून देत नाही, साठवतो. शिकारीचे दिवस सारखे नसतात. पाऊस लागला, थंडीने किडे दडले, तर काट्यावरचा सुकलेला नाकतोडा उपयोगी पडतो. अंडी उबवण्याच्या आणि पिल्लांच्या दिवसांत तर हा साठा हाताशी लागतोच.

साठ्याचे उपयोग याहून खोल आहेत, आणि या पक्ष्याबद्दल सगळ्यांत जास्त आदर वाटावा असा भाग हाच. फ्लोरिडात एक जाडजूड विषारी टोळ असतो, जो बहुतेक पक्षी तोंडात धरत नाहीत. तिथला खाटीक तो मारून काट्यावर टांगतो आणि एक-दोन दिवस थांबतो. तेवढ्यात विष उतरतं, मग तो खातो. १९९२ साली हे निरीक्षण प्रसिद्ध झालं. इस्रायलमधल्या नेगेव्ह वाळवंटात १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी काही नरांच्या साठ्यात भर घातली, काहींचा साठा काढून घेतला. भरलेल्या साठ्याच्या नरांना माद्यांनी लवकर पसंत केलं. ज्यांचे काटे रिकामे केले, त्यांना त्या हंगामात जोडीदारीण मिळाली नाही. गंमत म्हणजे त्या साठ्यांत खायच्या वस्तूंबरोबर पिसं आणि कापडाच्या चिंध्याही होत्या. लांबून दिसावं म्हणून. जपानमधल्या एका जातीवर २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगळंच निघालं. तिथले नर साठा सर्वाधिक खातात तो जानेवारीत, विणीच्या तोंडावर, आणि ज्यांनी पोटभर खाल्लं त्यांचं गाणं जास्त वेगवान होतं. माद्यांना तेच गाणं आवडतं.

म्हणूनच लटकलेलं काढू नका असं इतक्या आग्रहाने सांगतोय. तुम्ही काटे स्वच्छ केलेत तर कुणाचे प्राण वाचणार नाहीत, तो पुन्हा शिकार करेल. विणीच्या दिवसांत साफ केलेत तर पिल्लांच्या तोंडचा घास जाईल. मुलाला खरं ते सांगा: सरडा, उंदीर, पक्षी यांना तो बहुधा टांगण्याआधीच मारतो, किडे मात्र कधीकधी जिवंत टोचले जातात. हे बघताना वाईट वाटणं साहजिक आहे, ते लपवू नका. त्याच वेळी त्याला पक्ष्याचे ते बारीक पायही दाखवा आणि विचारा, या पायांनी तू सरडा कसा धरला असतास?

आता पिंजरा. खाटकाला पायात कडी घालून अभ्यासण्यासाठी पकडतात, तेव्हा जाळीच्या छोट्या पिंजऱ्यात जिवंत उंदीर ठेवतात आणि वर दोऱ्याचे फास लावतात. उंदराची हालचाल बघून तो झडप घालतो आणि अडकतो. तुमच्या गॅलरीतला पिंजरा म्हणजे नेमकं तेच आमिष, फक्त फास नाहीत. खाटीक पिंजऱ्यावर बसतो, आतले पक्षी घाबरून गजांवर आपटतात, आणि गजांतून बाहेर आलेलं डोकं किंवा पाय त्याच्या चोचीच्या टप्प्यात येतं. पिंजऱ्यातले पक्षी असे मेल्याचे प्रकार घडलेले आहेत. नुसत्या भीतीने, अंधारात आपटूनही लव्हबर्ड मरतात. म्हणून पिंजरा आत. उन्हासाठी बाहेर ठेवायचाच असेल तर पिंजऱ्याच्या चारी बाजूंनी आणि वरून दुसरी जाळी लावा. भोक १२ मिलिमीटरपेक्षा मोठं नको आणि जाळी गजांपासून किमान ५ ते ८ सेंटीमीटर लांब. बहुतेक लोक चुकतात ते इथे: जाळी थेट गजांना चिकटवून बांधतात. मग चोच जाळीतून आत जाऊन गजांपर्यंत पोहोचतेच. शिवाय मागची एक बाजू पुठ्ठ्याने किंवा फळीने पूर्ण झाका, म्हणजे पक्ष्यांना लपायला पाठ मिळेल. आणि तुम्ही जवळ नसाल तेव्हा बाहेर ठेवू नका.

पाण्यावर येणाऱ्या मोकळ्या पक्ष्यांची काळजी थोडी कमी करा. नकल्या खाटकाचं पोट मुख्यतः नाकतोडे, रातकिडे, भुंगेरे यांवर भरतं. सरडे आणि उंदराची पिल्लं त्याखालोखाल. छोटे पक्षी तो मारतो हे खरं, पण बहुधा नवशिकं पिल्लू, आजारी किंवा बेसावध पक्षी. धडधाकट चिमणीचा पाठलाग त्याला परवडत नाही. तरीही भांड्याची जागा तुमच्या हातात आहे. ते त्याच्या बैठकीच्या सरळ खाली, उघड्यावर असेल तर हलवा. दाट झुडपापासून दोन ते तीन मीटरवर ठेवा. याहून जवळ ठेवलंत तर झुडपात मांजर दबा धरेल, याहून लांब ठेवलंत तर खाटीक आल्यावर चिमण्यांना आडोशाला पोहोचता येणार नाही. झुडूप खरंच दाट हवं. बोगनवेल, मेंदीसारखं, ज्यात शिंपी शिरला की दिसेनासा होतो. दाणे एकाच ठिकाणी ओतत असाल तर एक-दोन आठवडे थांबवा. रोज त्याच जागी, त्याच वेळी मुनियांचा थवा उतरतो हे खाटकाला लवकरच कळतं. थांबवल्यावर चिमण्या उपाशी मरत नाहीत, पांगतात, आणि खाटीक किड्यांकडे वळतो.

मांजर की खाटीक, हा घोळ पुढे होऊ शकतो, म्हणून खूण लक्षात ठेवा. जमिनीवर पिसांचा सडा पडला असेल आणि पक्षी गायब असेल, तर ते बहुधा शिक्र्याचं किंवा मांजराचं काम. मांजराने चावलेल्या पिसांची देठं चघळलेली, तुटलेली असतात. खाटकाचं भक्ष्य काट्यावर किंवा बेचक्यात असतं, आणि पक्षी किंवा उंदीर असेल तर बऱ्याचदा डोकं आधी खाल्लेलं असतं.

काट्यांचं म्हणाल तर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीचे काटे ही खरी अडचण आहे, ती खाटकासाठी सहन करायची गरज नाही. जमिनीपासून दीड मीटरपर्यंतच्या, वाटेकडे झुकणाऱ्या फांद्या छाटा आणि वरच्या राहू द्या. त्याला उंचीवरचे, उन्हातले काटेच आवडतात. छाटणीआधी मात्र झाड नीट तपासा. काटक्या, चिंध्या, केस, दोरे यांचं खोलगट, वरून अस्ताव्यस्त दिसणारं घरटं आत असेल तर कात्री खाली ठेवा. तीन ते सहा अंडी असतात, नर-मादी आळीपाळीने उबवतात, १३ ते १६ दिवसांत पिल्लं बाहेर येतात. पिल्लं उडून गेल्यानंतरही ती काही काळ आईबापांवरच जगतात, म्हणून घरटं रिकामं दिसलं की लगेच छाटायला धावू नका. घरट्यापासून दहा मीटर लांब राहा. पक्षी सारखा ओरडत तुमच्या डोक्यावरून फेऱ्या मारू लागला तर तेही अंतर कमी पडतंय असं समजा. जमिनीवर आखूड शेपटीचं, अंगावर आडव्या बारीक रेघा असलेलं पिल्लू दिसलं तर ते हरवलेलं नाही, उडायला शिकतंय. मांजर बांधून ठेवा, पिल्लू उचलू नका.

लटकलेल्यातलं एखादं अगदी खिडकीशी असेल आणि वास येत असेल, तर तेवढं एकच काढा. हातमोजे घाला, चिमट्याने धरा, १५ सेंटीमीटर खोल पुरा, हात साबणाने धुवा. बाकी किडे उन्हात दोन-तीन दिवसांत खडखडीत वाळतात, त्यांचा त्रास होत नाही. त्याला मांसाचे तुकडे टांगून देण्याचा मोह काहींना होतो, नको. नुसत्या मांसात हाडांतलं कॅल्शियम नसतं आणि पिल्लांची हाडं त्याने कच्ची राहतात. खिळे ठोकून नकली काटे करून देणंही नको.

पत्रात तुम्ही विचारलं नाहीत, पण या पक्ष्याला परसात सगळ्यात मोठा धोका ज्याचा, त्याबद्दल लिहितोच. उंदरांसाठी चिकट फळी उघड्यावर ठेवत असाल तर आजच उचला. त्यावर अडकून तडफडणारा उंदीर किंवा झुरळ बघून खाटीक थेट फळीवर उतरतो. असा पक्षी चिकटलाच तर ओढू नका, पिसांसकट कातडी निघते. फळीच्या उघड्या चिकट भागावर कागद किंवा कोरडं पीठ पसरा म्हणजे दुसरा पंख चिकटणार नाही. मग फळीसकट त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या. तेल, रॉकेल, पेट्रोल लावू नका. तेलाने पिसांची ऊब जाते आणि रॉकेल त्वचेतून भिनतं. उंदराचं विषही तसंच: विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, सुस्तावून उघड्यावर फिरतो, आणि सुस्त उंदीर ही खाटकाची सोपी शिकार. लिंबावर अळी दिसली की सगळ्या झाडावर फवारा मारण्याची सवय असेल तर अळ्या हाताने वेचून बघा. किडे संपले की खाटीकही निघून जातो, आणि फवाऱ्याचं विष लागलेले किडे टांगले तर तेच पिल्लांच्या पोटात जातात.

गॅलरीची मोठी काच असेल तर भक्ष्यामागे जाताना तो आपटू शकतो. काचेच्या बाहेरच्या बाजूने ठिपके चिकटवा, एकमेकांपासून ५ सेंटीमीटरवर. मधोमध लावलेला एकच मोठा स्टिकर काही कामाचा नाही, पक्षी त्याला वळसा घालून काचेवरच येतो. आपटून पडलाच तर जाड कापडाने उचला, कारण बोट मिळालं तर तो रक्त काढतो. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी तास-दोन तास ठेवा. पाणी पाजू नका, ते श्वासनळीत जातं. सावरल्यावर खोकं बाहेर नेऊन उघडा. पंख लोंबत असेल तर डॉक्टर.

मुलासाठी एक वही करा. रोज एकाच वेळी, एकाच जागेवरून लिंबाचा फोटो काढायचा, दिवसातून एकदाच. कोणत्या काट्यावर काय, जमिनीपासून किती उंच, कधी आलं, कधी नाहीसं झालं, एवढंच लिहायचं. पंधरा दिवसांत त्याला दिसेल की काही किडे त्याच संध्याकाळी गेले, काही चार दिवस राहिले, आणि पावसाळी दिवशी काटे भराभर रिकामे झाले. तुमच्या बागेत कोणते किडे आहेत याचीही आयती यादी त्यातून मिळेल.

आणि ती भिंतीवरची गोळी. हो, बहुतेक त्याचीच. पचत नाही ते कवच, हाडं, केस तो पोटात गोळा करून चोचीवाटे बाहेर टाकतो. ती विष्ठा नव्हे. बोटाच्या पेराएवढी, कोरडी आणि चकचकीत तुकडे चमकणारी असेल तर खात्री धरा. मुलाला उघडून बघू द्या, पण हातमोजे घालून. वाटीभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, गोळी अर्धा तास भिजवा, मग चिमट्याने पांढऱ्या ताटलीवर सोडवा. काळे, निळसर चमकणारे वाटीसारखे तुकडे म्हणजे भुंगेऱ्याचे वरचे पंख. करवतीसारखे दात असलेला लांब तुकडा म्हणजे नाकतोड्याच्या मागच्या पायाची नडगी. भातकणाहून लहान, बारीक दातांची कड असलेलं हाड सापडलं तर तो सरड्याचा जबडा. त्यासाठी भिंग जवळ ठेवा, कारण नुसत्या डोळ्यांना ती कड गुळगुळीतच वाटते.